कासराभर दिवस आणि काटकोन

१

आम्ही दोघेही पश्चिम उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. गणिताशी असलेला आमचा संबंध शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेबरोबरच संपुष्टात आला, आणि त्याबद्दल आम्हांला कधी फारशी खंत वाटली नाही. तेव्हा प्रस्तुत लेखाचा विषय ‘कोन’ हा आहे, हे पाहून आमचे विद्यार्थी आणि सहकारी दचकतील, याची आम्हांला कल्पना आहे. ज्या प्रसंगामुळे हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो आधी सांगतो.

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांबरोबर आम्ही आरे कॉलनीतील एका पाड्यावर जात असतो. गोरेगाव पूर्वेचा महामार्ग ओलांडून आत वळले की दहा मिनिटांत शहराचा आवाज मागे पडतो. झाडी, गवताची कुरणे, गोठ्यांच्या लांबलचक कौलारू रांगा आणि त्यांच्या मधूनमधून वारली, कोकणा आदी आदिवासींचे पाडे. तेथील एका खोलीत रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, आणि उरलेल्या वेळात ती शाळेतले जे काही घेऊन येतील त्यात मदत करायची, असा आमचा साधा कार्यक्रम असतो. त्या रविवारी मुलांनी गणिताची वही आणली होती. आमच्या एका विद्यार्थिनीने फळ्यावर घड्याळाच्या दोन तबकड्या काढल्या. एक चांगली परातीएवढी, दुसरी वाटीएवढी. दोहोंत तीन वाजलेले. मग तिने विचारले, ‘‘कोणत्या घड्याळातला कोन मोठा?’’

जवळजवळ सगळ्या मुलांनी एका सुरात मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवले. एका मुलीने न विचारताच कारणही सांगितले : ‘‘त्याचे काटे लांब आहेत ना!’’

आमची विद्यार्थी मंडळी हसली. कुचेष्टेने नव्हे, पण हसली. दोन्ही ठिकाणी काटकोनच आहे, तीन वाजता दोन काट्यांत नव्वद अंशांचाच कोन असतो, घड्याळ मनगटावरचे असो की राजाबाई टॉवरचे, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलांनी मान डोलावली. मुले ज्या तत्परतेने मान डोलावतात त्यावरून त्यांना पटलेले नाही हे शिक्षकाला ओळखता येते. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे गप्प होतो. मुलीचे उत्तर चुकीचे होते यात शंका नाही. पण ते आम्हांला कोठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. ते कोठे ऐकले होते याचा शोध घेता घेता आम्ही मराठीच्या, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या एका फार जुन्या विद्येच्या इतिहासात जाऊन पोहोचलो.

२

आरंभ ‘किती वाजले?’ या प्रश्नापासूनच करावा लागेल. हा प्रश्न आपण दिवसातून अनेकदा विचारतो आणि त्यातील क्रियापदाकडे आपले लक्ष जात नाही. घड्याळ आपण पाहतो; वेळ मात्र आपल्या भाषेत ‘वाजते’. याचे कारण असे की, तबकडी आणि काटे सामान्य माणसाच्या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून वेळ ही कानांनी कळण्याची गोष्ट होती. ‘तास’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ वाडगा, थाळी. धातूच्या थाळीवर टोला पडे आणि लोकांना वेळ कळे. थाळीचे नाव टोल्याला मिळाले, टोल्याचे दोन टोल्यांमधल्या काळाला.

‘घड्याळ’ या शब्दात तर पाणी आहे. घटी म्हणजे लहान भांडे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर तरंगत ठेवायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली. अशा साठ घटकांची अहोरात्र, म्हणजे आजच्या हिशेबाने एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र मांडण्याची चाल अगदी अलीकडेपर्यंत होती. ‘घटका भरली’, ‘अखेरच्या घटका मोजणे’, ‘घटकाभर बसा’ हे वाक्प्रचार त्या भांड्यातूनच आले. म्हणजे मराठीत काळ भरतो, बुडतो, वाजतो. तो फिरतो असे सांगणारे शब्द दैनंदिन बोलण्यात फार थोडे आहेत.

परंतु थोडे आहेत म्हणजे नाहीतच असे नव्हे. ‘सव्वातीन’, ‘साडेतीन’, ‘पावणेचार’ हे शब्द घ्या. ‘पाव’ म्हणजे पाद, चतुर्थांश. श्लोकाच्या चार चरणांना आपण ज्या अर्थाने पाद म्हणतो, तोच हा पाद. पादासह ते सव्वा, अर्ध्यासह ते साडे, पादाने ऊन ते पाऊण. हे शब्द घड्याळासाठी घडलेले नाहीत. शेर, पायली, रुपया आणि कोस यांच्या मापांत ते शेकडो वर्षे वावरत होते. पण मिनिटकाटा असलेले घड्याळ आले तेव्हा ते त्याच्या तबकडीवर असे चपखल बसले की जणू तिच्यासाठीच केले असावेत. सव्वातीन म्हणताना आपण नकळत सांगत असतो की, मोठ्या काट्याने वर्तुळाचा एक पाद, म्हणजेच एक काटकोन पुरा केला आहे. साडेतीनला दोन काटकोन, पावणेचारला तीन. ‘तीन वाजून पंधरा मिनिटे’ या शब्दयोजनेत ही आकृती दिसत नाही. ‘सव्वा’त ती दिसते. भूमितीचा तास सुरू होण्याआधीच मूल काटकोन बोलत असते. तो त्याच्याच बोलण्यात आहे हे त्याला कोणी सांगत नाही, एवढेच.

३

आता त्या मुलीच्या उत्तराकडे वळू. ‘काटे लांब, म्हणून कोन मोठा’ हे उत्तर आम्ही कोठे ऐकले होते? ते आपल्या ग्रामीण बोलीतच ऐकले होते. सकाळ किती वर आली हे सांगताना आपली जुनी माणसे म्हणत, ‘दिवस कासराभर वर आला होता.’ मराठी ग्रामीण कथेच्या वाचकांना हा प्रयोग नवा नाही. कासरा म्हणजे बैलाला आवरण्याची दोरी. सूर्य क्षितिजापासून एका कासऱ्याइतका वर आला, असा त्याचा अर्थ.

जरा थांबून पाहिले तर या प्रयोगातील गंमत ध्यानात येते. सूर्याची क्षितिजापासूनची उंची ही लांबी नव्हेच. तो कोन आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्याशी दोन रेषा मिळतात, एक क्षितिजाकडे जाणारी व दुसरी सूर्याकडे, आणि त्यांच्यातील अंतर अंशांत मोजायचे असते. ते आपण दोरीने मोजले. मग हा प्रयोग चुकीचा म्हणायचा काय? मुळीच नाही. पाहणारा तोच, त्याच्या नजरेसमोरचे शेत तेच आणि कासराही तोच असेल तर दोरीची लांबी कोनाचे काम चोख बजावते. जेथून मोजायचे ते अंतर ठरलेले असले की लांबी आणि कोन एकमेकांची जागा घेऊ शकतात. अडचण येते ती दोन वेगवेगळी अंतरे, दोन वेगवेगळी वर्तुळे समोर आल्यावर. फळ्यावर नेमके तेच झाले होते.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्यांना आपण कोनमापनाचे आचार्य मानतो त्यांनीही कोन लांबीनेच मोजला. आपल्याकडील ज्योतिर्गणितात धनुष्याची प्रतिमा आहे. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, म्हणजे धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे ज्या, म्हणजे दोरी. प्रत्यक्ष गणितात या दोरीच्या अर्ध्या भागाचा, अर्धज्येचा उपयोग होई आणि तिलाच सुटसुटीतपणे ज्या म्हणत. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ रचले त्यात अशा चोवीस ज्यांचे कोष्टक आहे. प्रत्येक पायरी २२५ कलांची, म्हणजे पावणेचार अंशांची. पुढे हाच ‘ज्या’ शब्द ‘जीवा’च्या रूपाने अरबीत गेला, तेथे लिपीमुळे त्याचा उच्चार बदलून त्याला ‘खळगा’, ‘उरोभाग’ असा भलताच अर्थ चिकटला, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या भलत्या अर्थाचेच ‘सायनस’ असे भाषांतर केले. आज विज्ञान शाखेचा विद्यार्थी ज्याला ‘साइन’ म्हणतो ती अशी धनुष्याची हरवलेली दोरी आहे. भाषांतराच्या इतिहासात याहून रंजक अपघात क्वचितच सापडेल.

मुद्दा असा की, ज्येची लांबी हे कोनाचे माप होऊ शकले ते एका अटीवर : वर्तुळाची त्रिज्या सर्वांनी एकच धरायची. ती ३४३८ कला धरलेली होती. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो आकस्मिक नाही. वर्तुळाच्या परिघाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणून परीघ २१,६०० कलांचा. आणि एवढ्या परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या जवळजवळ ३४३८ कला येते. तेव्हा पाड्यावरची मुलगी ‘काटे लांब’ म्हणाली तेव्हा ती आर्यभटाच्या अर्ध्या वाटेवर होती. लांबीने कोन मोजता येतो हे तिला उमगले होते. त्यासाठी आधी त्रिज्या ठरवावी लागते, एवढेच तिला कोणी सांगितलेले नव्हते. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी त्या उत्तराला हसले. आम्हीही मनातल्या मनात हसलोच होतो.

या २१,६०० चा आणखी एक धागा वाचकांना आवडेल. एका घटकेची साठ पळे आणि एका पळाचे सहा प्राण, असे जुने कालमान आहे. प्राण म्हणजे एक श्वासोच्छ्वास, सुमारे चार सेकंदांचा. दिवसाच्या साठ घटकांचे प्राण मोजले तर तेही २१,६०० च भरतात. वर्तुळाच्या कला तितक्या, दिवसाचे श्वास तितके. पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते, असे आर्यभटाने सांगून ठेवले आहे ते याच हिशेबाने. येथे काळ आणि कोन या दोन गोष्टी राहतच नाहीत. एक श्वास घेतला म्हणजे आभाळ किती वळले हे सांगता येते. एका घटकेत ते सहा अंश वळते. आणि आपल्या भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटाही एका मिनिटात सहा अंशच वळतो. साठ हा आकडा दोन्हीकडे सारखा असल्याने हे जुळते. पण जुळते खरे.

युक्लिडच्या भूमितीत कोनाची व्याख्या निराळी आहे. तेथे कोन म्हणजे एकमेकींना मिळणाऱ्या दोन रेषांचा एकमेकींकडचा कल. त्याच्या ग्रंथात अंश नाहीत. काटकोनाएवढा, त्याहून लहान, त्याहून मोठा, अशी तुलना आहे. हा ग्रंथ संस्कृतात आला तो अठराव्या शतकात, सवाई जयसिंहाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथाने अरबीवरून केलेल्या ‘रेखागणिता’च्या रूपाने. एकोणिसाव्या शतकात १८२० च्या दशकापासून मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांचे शास्त्री सहकारी यांनी मराठीत गणिताची पाठ्यपुस्तके सिद्ध केली, आणि पाश्चात्त्य धर्तीची भूमिती मराठी शाळांत रुजली. आपण शाळेत शिकलो तो कोन हा असा कागदावरचा, स्थिर, दोन रेषांच्या कोपऱ्यात बसलेला कोन आहे. आभाळातला वळणारा कोन पंचांगात राहिला, शाळेत आला नाही. घड्याळाची तबकडी ही आजच्या शाळेतील जवळजवळ एकच वस्तू आहे, जिच्यात हे दोन्ही कोन एकत्र भेटतात : काटे थांबलेले पाहिले तर युक्लिडचा कल, फिरताना पाहिले तर आर्यभटाचे वळण.

४

तबकडीच्या मधोमध काटे जेथे बसवलेले असतात त्या बिंदूला आपण केंद्र म्हणतो. हा शब्द संस्कृतात ग्रीकांकडून, ज्योतिषाच्या मार्गाने आला. मूळ ग्रीक ‘केंट्रॉन’चा अर्थ टोचणी, अणकुचीदार टोक, वर्तुळ काढताना जे टोक रुतवून ठेवायचे ते. ‘होरा’ हा आपला शब्दही ग्रीक ‘होरा’च आहे, आणि इंग्रजीतील ‘अवर’ त्याचाच वंशज. वराहमिहिराने मात्र ‘अहोरात्र’ या शब्दातील आद्य व अंत्य अक्षरे गाळून ‘होरा’ सिद्ध केल्याचे मत नोंदवले आहे. आणि काटा? तो ‘कंटक’. बाभळीचा काटा, तराजूचा काटा, घड्याळाचा काटा. म्हणजे मराठी घड्याळात मध्यभागी एक परदेशी काटा रुतलेला आहे आणि त्याभोवती दोन देशी काटे फिरत आहेत. इंग्रजीत घड्याळाला हात असतात. आपण काटे दिले. हाताला लांबी आणि जाडी असते. काट्याचे सारे महत्त्व त्याच्या टोकाला, तो कोणत्या दिशेला रोखला आहे याला. कोन शिकवायला मराठी शब्द अधिक सोयीचा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

तबकडीवरचा काटा अगदीच उपरा आहे असेही नव्हे. इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जलविड या गावाचा त्यांनी स्वतःच निर्देश केला आहे, आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची साक्ष देतो. या ग्रंथाच्या गोलाध्यायातील यंत्राध्यायात घटीयंत्राबरोबर चक्रयंत्राचेही वर्णन आहे. कडेवर अंश कोरलेली एक गोल तबकडी, मध्यभागी खुंटी. तबकडी सूर्यासमोर धरली की खुंटीची सावली कडेवर पडते आणि सूर्याची उन्नती थेट अंशांत वाचता येते. सावलीचा काटा असलेले हे घड्याळच आहे. सर्व यंत्रांचे वर्णन झाल्यावर आचार्य श्रेष्ठत्व देतात ते ‘धीयंत्रा’ला, म्हणजे बुद्धीला.

त्या यंत्राची परीक्षा आमच्या वाट्याला पुढच्याच रविवारी आली. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, सव्वातीनला दोन काट्यांत किती कोन असतो? आणि स्वतःच उत्तर दिले : शून्य, कारण दोन्ही काटे तीनवर. आम्हांलाही ते बरोबरच वाटले. तेवढ्यात एक मुलगा उठून भिंतीवरच्या घड्याळाजवळ गेला, त्याने मागची कळ फिरवून सव्वातीन लावले आणि म्हणाला, ‘‘छोटा काटा पुढे सरकलाय, सर.’’ तो सरकलेला होताच. तासकाटा बारा तासांत एक फेरा करतो, म्हणजे तासाला तीस अंश आणि मिनिटाला अर्धा. पंधरा मिनिटांत तो साडेसात अंश पुढे जातो. सव्वातीनचा कोन साडेसात अंशांचा. त्याच न्यायाने साडेतीनचा कोन नव्वदचा नव्हे, पंचाहत्तरचा. आणि साडेनऊचा एकशेपाच अंशांचा, म्हणजे चक्क विशालकोन. फळ्यावरच्या चित्रात काटे आपल्या सोयीचे असतात. भिंतीवरच्या घड्याळात ते एकमेकांना बांधलेले असतात. एक हलला की दुसऱ्याला हलावेच लागते. म्हणूनच दिवसभरात हे दोन काटे एकमेकांवर चोवीस वेळा न येता बावीसच वेळा येतात, आणि काटकोन अठ्ठेचाळीस वेळा न होता चव्वेचाळीस वेळा होतो.

त्या दिवशी हसण्याची पाळी मुलांची होती आणि त्यांनी ती सोडली नाही.

५

मुंबई हे घड्याळाच्या काट्यावर चालणारे शहर, असे म्हणण्याची पद्धत आहे. कोणत्या घड्याळाच्या, हा प्रश्न मात्र या शहराने जवळजवळ अर्धे शतक भांडत काढला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबई या रेषेच्या सुमारे नऊ अंश चाळीस कला पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे पडली. मुंबईकरांना हे पसंत पडले नाही. सूर्य आमच्या डोक्यावर येतो तेव्हा आमचे बारा, ही त्यांची भूमिका. आगगाड्या आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेवर, महापालिका आणि शहराचा मोठा भाग दुसऱ्या वेळेवर, अशी स्थिती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू होती.

कोनांच्या तुलनेचा हा इतिहासातील एक उत्तम धडा आहे. भांडण एकच, पण ते तीन कोनांत मांडता येते. पृथ्वीच्या गोलावर ते दहा अंशांहूनही कमी. तासकाट्यावर ते साडेएकोणीस अंश, कारण तासकाटा पृथ्वीच्या दुप्पट वेगाने, दिवसाला दोन फेरे फिरतो. आणि मिनिटकाट्यावर तेच अंतर दोनशे चौतीस अंश, वर्तुळाच्या अर्ध्याहून कितीतरी अधिक. लोकांनी भांडण वाचले ते मिनिटकाट्यावर. कोनाचा आकार सांगताना तो कोणत्या काट्याचा हे आधी सांगावे लागते, ही गोष्ट शाळेत शिकवली जात नाही. शहराने ती अनुभवाने शिकून घेतली.

या द्विघटी शहराच्या सीमेवर १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली. शहरातील दाटीवाटीच्या तबेल्यांतील म्हशी गोरेगावच्या मोकळ्या माळावर आणायच्या आणि शहराला निर्जंतुक केलेले दूध पुरवायचे, ही मुंबई दूध योजनेची कल्पना. दुग्ध आयुक्त दारा खुरोडी हे तिचे शिल्पकार. १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १२८७ हेक्टर जमीन, बत्तीस गोठे, सुमारे सोळा हजार जनावरे, असा तो पसारा होता. आमच्या पिढीच्या बालपणात पहाटेचा पहिला आवाज म्हणजे आरे केंद्राच्या रांगेतील बाटल्यांचा किणकिणाट. कार्ड घेऊन उभे राहायचे, रिकाम्या बाटल्या द्यायच्या, पातळ चकचकीत झाकणाच्या भरलेल्या घ्यायच्या. पाच मिनिटे उशीर झाला की दूध संपलेले असे. घरातल्या घड्याळाचा मोठा काटा वाचायला आमच्यापैकी अनेकांना शाळेने शिकवण्याआधी त्या रांगेनेच शिकवले.

दूध हा तसा काट्यावर चालणारा जिन्नस. पाश्चरीकरणाच्या दोन रूढ पद्धती आहेत : त्रेसष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास, किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद. तबकडीवर पाहिले तर पहिल्या पद्धतीत मिनिटकाटा दोन काटकोन फिरतो, दुसऱ्या पद्धतीत सेकंदकाटा एक. कोनांचे गुणोत्तर दोनास एक. वेळेचे मात्र एकशेवीसास एक. येथेही काटा कोणता हे विसरले की हिशेब फसतो आणि दूध नासते.

या पसाऱ्याच्या इतिहासात पाड्यांचा उल्लेख बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि आमच्याकडूनही तसेच झाले, हे येथे कबूल केले पाहिजे. वसाहत व्हायच्या आधीपासून वारली कुटुंबे या जमिनीवर आहेत. शहराला त्यांची नीट ओळख झाली ती २०१९ च्या ऑक्टोबरात, मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली आणि तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने ती तोड थांबवली, तेव्हा. आज भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि तिचे वेळापत्रक मिनिटांत छापलेले असते.

६

वारली चित्रात भूमिती किती आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ते टोक कोठे झुकवले यावरून माणूस वाकलेला, नाचणारा की ओझे वाहणारा, हे ठरते. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे जगभर गेलेल्या या कलेतील सर्वांत ओळखीचे चित्र तारपा नाचाचे. मध्ये तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची गोगलगाईच्या शंखासारखी उलगडत जाणारी साखळी. आतल्याला थोडी पावले टाकावी लागतात, बाहेरच्याला पुष्कळ. पण तारपेवाल्याभोवतीचा फेरा दोघांचाही एकच.

हे चित्र त्या खोलीच्या भिंतीवर मुलांनीच काढलेले होते. कितीतरी रविवार आम्ही त्याच्याखाली बसलो होतो. फळ्यावरच्या दोन तबकड्यांचे उत्तर पाठीमागच्या भिंतीवर आहे, हे आमच्या लक्षात येण्यास तीन आठवडे लागले.

मग आम्ही अंगणात गेलो. एक दोरी घेतली. एकाने खुंट्यासारखे मध्यभागी उभे राहून तिचे टोक धरले. त्याच्यापासून दोन हातांवर ती मुलगी, आठ हातांवर दुसरा एक मुलगा. दोघांनी दोरी ताणून धरायची आणि बारावरून तीनवर जायचे. मुलगी तीन हातांच्या आसपास चालली असेल. मुलाला साडेबारा हात धावावे लागले. थांबले तेव्हा दोघांची पाठ वडाकडे होती आणि तोंड गोठ्याकडे. मुलगा धापा टाकत म्हणाला, ‘‘मी जास्त चाललो, पण फिरलो तिच्याएवढाच.’’ मुलगी काही बोलली नाही. तिने हातातल्या दोरीकडे पाहिले, मग खुंट्याकडे, आणि ‘‘परत’’ म्हणाली. या वेळी बाहेरची जागा तिने घेतली.

मराठीच्या अध्यापकांनी येथे थांबावे हे बरे. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. समीक्षेच्या तासाला ‘दृष्टिकोन’ हा शब्द आम्ही दिवसाकाठी वीस वेळा उच्चारतो. लेखकाचा दृष्टिकोन, वाचकाचा दृष्टिकोन, स्त्रीवादी दृष्टिकोन. त्यातला ‘कोन’ केव्हाच मेला आहे; विद्यार्थी त्याला ‘मत’ या शब्दाचा भारदस्त पर्याय समजतात आणि आम्हीही त्यांना तसे समजू देतो. उत्तरपत्रिका तपासताना तर आमचे मोजमाप फळ्यासमोरच्या मुलांहून निराळे नसते. किती पुरवण्या जोडल्या, किती समीक्षकांची नावे घेतली, सूची किती लांब. काटे लांब, म्हणून कोन मोठा. कविता वाचण्याआधी विद्यार्थी कोठे पाहत होता आणि वाचल्यावर कोठे पाहू लागला, तो किती वळला, हे मोजायला आमच्याकडे साधन नाही असे आम्ही म्हणत आलो. साधन नसेल, पण केंद्र कोठे धरायचे हे तरी आधी ठरवायला हवे होते. पुरवण्यांच्या गठ्ठ्याला कासरा लावून दिवस किती वर आला हे सांगण्यात आमची पंधरा-वीस वर्षे गेली.

पाड्यावरच्या घरांत आता भिंतीवरची घड्याळे कमी होत चालली आहेत. वेळ मोबाइलवर आकड्यांत दिसते. तिला काटे नाहीत, म्हणून कोनही नाही. तरी मुले ‘किती वाजले’ असेच विचारतात आणि उत्तरही ‘सव्वातीन’ असेच देतात. टोला गेला तरी ‘वाजले’ राहिले, भांडे बुडाले तरी ‘घटका’ राहिली. त्याप्रमाणे तबकडी गेली तरी ‘सव्वा’ राहील, असे वाटते. त्या शब्दातला काटकोन दाखवण्यासाठी मात्र कोणालातरी दोरी घेऊन अंगणात उतरावे लागेल. त्या खोलीतले घड्याळ गेल्या महिन्यात बंद पडले. आम्ही येत्या रविवारी नवा सेल घेऊन जाणार आहोत.